जोड कोणी लावायची? कुस्तीशौकिनांच्या मतांचा एक आढावा

कुस्तीच्या मैदानात कोणाला उतरवावे, कोणाला वगळावे, कोणाची गाठ कोणाशी घालावी आणि एखाद्या मल्लाने कोणत्या तालमीच्या, जिल्ह्याच्या किंवा संघाच्या नावाने लढावे, या प्रश्नांवर प्रेक्षकांचे ठाम मत असते आणि ते मत मैदानात मोठ्याने बोलूनही दाखवले जाते. मल्लांची चरित्रे, डावपेचांची वर्णने आणि तालमींचे इतिहास यांच्या तुलनेत या मताचा विचार कमी झाला आहे, कारण आखाड्याच्या कडेला बसलेल्या शौकिनाची बडबड हा अभ्यासाचा विषय आहे असे सहसा कोणाला वाटत नाही. तरीही मातीतली कुस्ती, तिकीट लावून झालेल्या 'फ्री स्टाइल' कुस्त्या, दूरचित्रवाणीवरील अमेरिकी कुस्ती आणि लिलावातून उभ्या राहिलेल्या लीग या सगळ्यांना मिळालेला प्रतिसाद एकत्र ठेवून पाहिला, तर शौकिनांच्या तक्रारींत एक सातत्य दिसते. परप्रांतीय मल्ल आणला म्हणून शौकीन नाराज होत नाही, कुस्तीत करमणूक मिसळली म्हणूनही होत नाही. जोड बरोबरीची नसली आणि ती तशी का लागली हे त्याच्यापासून लपवले गेले, की मात्र तो बिथरतो.

या आढाव्यासाठी भिवंडी तालुक्यातील वडपे आणि त्याच्या आसपासचा पट्टा सोयीचा आहे. मुंबई–नाशिक महामार्गावरचे हे गाव गेल्या काही दशकांत गोदामांच्या पट्ट्यात आले, समृद्धी महामार्गाचे शेवटचे टोक जवळच्या आमणे येथे येऊन पोहोचले, आणि या भागात आगरी, कुणबी व आदिवासी वस्तीच्या जोडीला यंत्रमाग आणि गोदामांच्या कामासाठी आलेला उत्तर भारतीय कामगारही मोठ्या संख्येने राहू लागला. कोल्हापूर, सांगली किंवा पुणे यांच्यासारखी कुस्तीची मोठी पेठ ही नव्हे. परंतु चैत्र-वैशाखातल्या गावजत्रांत भरणारे आखाडे, 'दंगल' हा शब्द आपल्या गावाहून घेऊन आलेला कामगार, मुंबईच्या स्टेडियममधील कुस्त्यांच्या जुन्या आठवणी आणि घरोघरी पाहिली जाणारी डब्ल्यूडब्ल्यूई असे वेगवेगळे प्रेक्षक येथे एकमेकांच्या शेजारी राहतात, त्यामुळे त्यांची मते ताडून पाहता येतात.

जत्रेतल्या आखाड्यात 'जोड लावणे' म्हणजे वजन, उंची, वय आणि तयारी पाहून दोन मल्लांची लढत ठरवणे. मोठ्या मैदानांत मुख्य जोडी आधीच ठरून त्यांची नावे पत्रकावर छापली जातात, पण गावच्या आखाड्यात बहुतेक जोडी तिथल्या तिथे लागतात. लहान मुलांच्या कुस्त्या रेवडीवर किंवा नारळावर होतात, मग इनामाचा आकडा हळूहळू चढत जातो. लंगोट लावलेला एखादा पोरगा आखाड्यात फेरी मारतो, पंच त्याचा हात वर धरून इनाम पुकारतात, समोरून कोणी तयार झाला की दोघांना शेजारी उभे करून चारही बाजूंच्या लोकांना दाखवले जाते. या वेळी गर्दीचे मत घेण्याची वेगळी पद्धत नसते आणि तिची गरजही पडत नाही, कारण एकाचा खांदा दुसऱ्याच्या छातीला लागत असेल तर 'जोड लागत नाही' हा गलका आपोआप उठतो आणि पंचांना दुसरा गडी शोधावा लागतो. इनामाची रक्कम वर्गणीतून आलेली असते, पुष्कळदा गर्दीतलाच एखादा उठून आपल्या नावाने शंभर-दोनशे रुपये वाढवतो; म्हणजे जो पाहतो तोच काही अंशी जोड लावतो आणि तोच तिची किंमत ठरवतो. कुस्ती निकाली व्हावी, म्हणजे एकाची पाठ जमिनीला लागून ती चितपट व्हावी, ही त्याची अपेक्षा असते. दोघे नुसती खडाखडी करत, एकमेकांच्या मानेवर हात टाकून वेळ काढू लागले, तर 'सोडवा' हा ओरडाही त्याच गर्दीतून येतो. जत्रेच्या आखाड्यातले हे वजन पुढच्या कोणत्याही व्यवस्थेत प्रेक्षकाला राहिलेले नाही.

बाहेरच्या मल्लांविषयीचे मराठी शौकिनाचे मत समजून घेण्यासाठी तालीम ही संस्था ध्यानात घ्यावी लागते. तालीम हे व्यायामाचे आणि कुस्तीचे ठिकाण असतेच, पण तेथे मल्ल राहतो, खुराक घेतो, वस्तादाच्या म्हणजे गुरूच्या शब्दात वागतो आणि त्या वस्तादाचा 'पट्ठा' म्हणून ओळखला जातो. या ओळखीपुढे जन्मगावाला दुय्यम स्थान असते. १९५९ मध्ये पहिले हिंदकेसरी ठरलेले श्रीपती खंचनाळे हे मूळचे बेळगाव जिल्ह्यातील एकसंब्याचे, पण त्यांची कुस्ती कोल्हापूरच्या शाहूपुरी तालमीत घडली आणि शौकिनांनी त्यांना कोल्हापूरचेच मानले. उत्तर प्रदेशातून आलेले दीनानाथ सिंह महाराष्ट्र केसरी झाले, पुढे हिंदकेसरीही झाले, आणि त्यांच्या प्रांताचा प्रश्न कुस्तीच्या वर्तुळात कधी अडचणीचा ठरला नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी बांधलेल्या आणि १९१२ मध्ये खुल्या झालेल्या खासबाग मैदानाने उत्तरेकडच्या व पंजाबच्या मल्लांना खेळवले, तेव्हा त्यांच्या कुस्त्यांना गर्दी कमी होण्याऐवजी वाढली. सत्तरच्या दशकात दिल्लीच्या गुरू हनुमान आखाड्याचे सतपाल महाराष्ट्रात येऊन लढत, आणि दादू चौगुले, युवराज पाटील, हरिश्चंद्र बिराजदार यांच्याशी त्यांच्या झालेल्या लढतींवर आजही जुने शौकीन तासन्‌तास बोलू शकतात. बाहेरचा मल्ल तगडा असला की आपल्या मल्लाचा कस लागतो, हे गणित या प्रेक्षकाला पक्के ठाऊक होते. तक्रार झाली ती वेगळ्याच कारणाने: नंतरच्या काळात इराणी किंवा पंजाबी असे बिरुद लावून पत्रकावर छापलेला पाहुणा प्रत्यक्षात तयारीत कमी निघाला आणि इथल्या नावाजलेल्या मल्लाच्या विजयांत एक भर घालण्यापुरताच तो आणला होता अशी शंका आली, तेव्हा.

जिल्ह्यांची निष्ठा तालमीच्या निष्ठेइतकी साधी राहिलेली नाही. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची स्थापना १९५३ मध्ये झाली आणि १९६१ मध्ये औरंगाबाद येथे दिनकर दह्यारी यांनी पहिला महाराष्ट्र केसरी किताब मिळवला. या स्पर्धेत मल्ल जिल्ह्याच्या किंवा शहराच्या संघाकडून खेळतो. एकेका जिल्ह्यातून किती मल्ल जाऊ शकतात याला मर्यादा असल्याने, पुणे किंवा कोल्हापूरसारख्या ठिकाणी एकाच वजनात चार-चार तयार मल्ल असले की त्यांतले काही दुसऱ्या जिल्ह्याच्या नावाने उतरतात. पुणे जिल्ह्यातील राजगुरुनगर परिसराचे शिवराज राक्षे नांदेडच्या नावाने लढले, अकोले तालुक्याचे हर्षवर्धन सदगीर नाशिकच्या नावाने. यावर शौकिनांत दोन तट दिसतात. एका तटाच्या मते ही सरळसरळ सोय आहे, गुणी मल्ल घरच्या गर्दीत अडकून राहू नये म्हणून केलेली. दुसऱ्या तटाच्या मते यामुळे ज्या जिल्ह्याचे नाव घेतले जाते तिथल्या पोराची जागा जाते आणि तिथे कुस्ती वाढत नाही. दुसरे मत अधिक वजनदार आहे असे म्हणावे लागते, विशेषतः ठाण्यासारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने, जिथे तालमी कमी आहेत आणि नाव मिळवून देणारी एक जागासुद्धा स्थानिक मुलाला वर्षानुवर्षे तालमीत टिकून राहण्याचे कारण पुरवू शकते.

तालीम आणि जिल्हा यांतला पेच २०२० च्या जानेवारीत बालेवाडीत उघड दिसला. महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचे शैलेश शेळके समोरासमोर आले, आणि दोघेही अर्जुन पुरस्कारप्राप्त काका पवार यांच्या कात्रजच्या तालमीतले पट्ठे होते. कागदावर नाशिक विरुद्ध लातूर अशी असलेली ही लढत प्रत्यक्षात रोज एकाच मातीत घाम गाळणाऱ्या दोघांची होती. निकालानंतर सदगीर यांनी शेळके यांना खांद्यावर उचलून घेतले, त्या क्षणाचे कौतुकही झाले आणि त्यावर कुजबुजही झाली, कारण एकाच वस्तादाचे दोन पट्ठे अंतिम फेरीत आले की ती खरी कुस्ती होते का, हा शौकिनाचा फार जुना संशय आहे. लढत पाहिलेल्यांनी त्या संशयाला आधार सापडल्याचे म्हटले नाही. २०२३ च्या जानेवारीत कोथरूडमध्ये राक्षे आणि महेंद्र गायकवाड यांची अंतिम लढतही एकाच तालमीतली होती. गुणी मल्लांची गर्दी मोजक्या तालमींत होत चालल्याचा हा परिणाम आहे. जुन्या शौकिनाला त्यात शाहूपुरी विरुद्ध गंगावेस, मोतीबाग विरुद्ध मठ अशा ईर्ष्येची चव सापडत नाही.

निवडीवरून प्रेक्षकांची मने किती विभागली जातात याचे ठळक उदाहरण म्हणजे नरसिंग यादव यांचे. उत्तर प्रदेशातून मुंबईत येऊन दुधाचा धंदा करणाऱ्या कुटुंबातला हा मल्ल २०११ ते २०१३ अशी लागोपाठ तीन वर्षे महाराष्ट्र केसरी ठरला, २०१५ च्या जागतिक स्पर्धेत ७४ किलो गटात कांस्यपदक मिळवून त्याने भारतासाठी रिओ ऑलिंपिकची जागा आणली, आणि त्यानंतर दोन वेळचे ऑलिंपिक पदकविजेते सुशील कुमार यांनी त्या जागेसाठी चाचणी कुस्तीची मागणी केली. दिल्ली उच्च न्यायालयाने ती मागणी फेटाळली. महाराष्ट्रातल्या शौकिनांचे बहुमत नरसिंगच्या बाजूचे होते, आणि येथे भिवंडी-कल्याण पट्ट्याची एक खासियत लक्षात घेण्यासारखी आहे, की मराठी प्रेक्षक त्याला महाराष्ट्र केसरी म्हणून आपला मानत होता तर उत्तर भारतीय कामगार त्याला आपल्या मुलखाचा म्हणून. पण याच प्रसंगात एक अल्पमतही होते, आणि ते जत्रेच्या आखाड्यातून थेट आलेले होते: दोघांत कोण भारी हे कागदाने का ठरावे, मैदानात लावा जोड. पुढे उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत नरसिंग अडकले, राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने त्यांना निर्दोष ठरवले, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये क्रीडा लवादाने त्यांच्यावर चार वर्षांची बंदी घातली. जागा आणणारा बाद झाला, मागणारा गेलाच नाही, आणि त्या गटात भारताकडून कोणीच लढले नाही. शौकिनांत या प्रकरणी अजूनही घातपाताची चर्चा होते. ती सिद्ध झालेली नाही, आणि तिच्यामुळे मूळ प्रश्न, म्हणजे जागा देशाची की मल्लाची, मागे पडला.

मल्ल मैदानातून निघून जाण्याचे आणखी एक कारण शौकीन वारंवार बोलून दाखवतात, ते म्हणजे नोकरी. नरसिंग यादव, २०१४ ते २०१६ असे तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेले विजय चौधरी आणि जागतिक कांस्यपदक मिळवलेले राहुल आवारे यांना राज्य पोलीस दलात उपअधीक्षकपद मिळाले. खुराकाचा खर्च, दुखापती आणि अल्प आयुष्याची ही कारकीर्द पाहता मल्लाला नोकरीपासून रोखावे असे कोणी म्हणणार नाही. 'वर्दी मिळाली, आता लंगोट गेला' हा शेरा शौकिनाच्या तोंडी असतो, पण त्यात राग कमी आणि हळहळ जास्त असते.

ठरवून केलेल्या कुस्तीविषयीचे मत हा या विषयाचा सर्वांत गुंतागुंतीचा भाग आहे. अशा कुस्तीला 'नुरा कुस्ती' म्हणतात, आणि मराठी राजकारणानेही हा शब्द उचलला आहे. मुंबईत पन्नास-साठच्या दशकांत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर तिकीट लावून ज्या 'फ्री स्टाइल' कुस्त्या होत, त्यांचा नायक दारासिंग होता आणि खलनायक म्हणून किंग काँग नावाचा, मूळचा मध्य युरोपातला, अवाढव्य मल्ल होता. २९ मे १९६८ रोजी मुंबईत अमेरिकेच्या लू थेझ यांना हरवून दारासिंग यांनी जागतिक विजेतेपद मिळवले. या लढतींत किती भाग आधी ठरलेला असे याविषयी प्रेक्षक भोळे होते असे मानणे चुकीचे ठरेल. तालमीतला माणूस या कुस्त्यांना नाके मुरडत असे, पण तिकीट काढून गेलेला गिरणी कामगार मात्र नायक, खलनायक आणि मारामारी यांचा खेळ पाहायलाच जात असे, आणि दारासिंग हे मुळात अस्सल आखाड्यातले मल्ल होते हे माहीत असल्यामुळे त्यांच्या विजयावर त्याचा विश्वास बसे.

हमीदा बानू यांचे प्रकरण याच काळातले, आणि वडप्याच्या दृष्टीने ते जवळचेही आहे, कारण या मल्ल स्त्रीचे उत्तरायुष्य शेजारच्या कल्याणमध्ये गेले. मूळच्या उत्तर प्रदेशातल्या हमीदा बानूंनी मला हरवील त्याच्याशी लग्न करीन असे पुरुष मल्लांना आव्हान दिले होते, आणि ४ मे १९५४ रोजी बडोद्यात बाबा पहिलवान नावाच्या मल्लाला त्यांनी एक मिनिट चौतीस सेकंदांत हरवले. मुंबईत रशियन मल्ल व्हेरा चिस्तिलिन यांच्यावर त्यांनी मिनिटभरात विजय मिळवला. पुण्यात एका पुरुष मल्लाशी ठरलेली त्यांची लढत कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली, तेव्हा त्यांनी तत्कालीन मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. मोरारजींनी कळवलेले कारण असे, की मनाई स्त्री म्हणून नव्हती. आयोजक हमीदांपुढे डमी, म्हणजे हरण्यासाठीच उभे केलेले मल्ल आणतात अशा तक्रारी आल्या होत्या. या उत्तरात सोय किती आणि सत्य किती हे ठरवणे अवघड आहे. स्त्रीने पुरुषाला हरवणे ज्यांना पचत नव्हते त्यांना जोड खोटी होती असे म्हणणे फार सोपे होते. तरीही विरोध उघडपणे मांडायचा झाला तेव्हा बेजोड लढतीचाच मुद्दा पुढे केला गेला, ही बाब बोलकी आहे, कारण मैदानात तोच आक्षेप सर्वांना पटेल हे आक्षेप घेणाऱ्यांना माहीत होते.

याच्या उलट टोकाला देवा थापा हा मूळचा नेपाळचा मल्ल आहे. गेली काही वर्षे महाराष्ट्राच्या मैदानांत त्याच्या गमतीदार कुस्त्या मोठी गर्दी खेचत आहेत: प्रतिस्पर्ध्याला चिडवणे, पळून जाणे, पंचांच्या आड लपणे, आणि मग अचानक एखादा चपळ डाव टाकून पाठ लावणे. जाणकारांचा एक वर्ग यावर नाराज आहे, कारण त्यांच्या मते पत्रकावर मानाच्या जोडीच्या बरोबरीने करमणुकीची जोड छापणे हा तयारीच्या मल्लाचा अपमान होय. सामान्य प्रेक्षकाचे मत तसे नाही, आणि या बाबतीत तो जाणकारांपेक्षा अधिक सुसंगत वाटतो. ही गंमत आहे हे त्याला आधीच सांगितलेले असते. हलगीचा ठेका आणि निवेदकाची मिस्कील टिप्पणी त्याला याची पदोपदी आठवण करून देतात. फसवणूक नसल्याने तक्रारही नाही.

डब्ल्यूडब्ल्यूईच्या मराठी प्रेक्षकाचा विचारही याच कसोटीवर करता येतो. ही कंपनी आपल्या मल्लांच्या ताफ्याची विभागणी २००२ पासून, मधला काही काळ वगळता, 'रॉ' आणि 'स्मॅकडाउन' या दोन कार्यक्रमांत करत आली. ठरावीक काळाने होणाऱ्या वाटपाला 'ड्राफ्ट' म्हणतात, आणि कोण कुठे गेला, कोणाला नायकाचा खलनायक केले, कोणाशी करार संपवला यांवर चाहते अहोरात्र वाद घालतात. निकाल लिहिलेले असतात हे आज शाळकरी मुलालाही माहीत आहे, तरी मत कमी झालेले नाही. उलट निकाल लेखक ठरवतो म्हटल्यावर दोष द्यायला नेमका माणूस मिळतो. २००६ मध्ये ग्रेट खली म्हणजे दलीपसिंग राणा यांचे पदार्पण झाले आणि २००७ च्या जुलैत ते जागतिक विजेते झाले, तेव्हा भारतीय मुलांचा आनंद निखळ होता. पत्त्यांच्या खेळात खलीचे पान हाती आले की उंचीचा आकडा पुकारायचा, हे त्या पिढीच्या अंगवळणी पडले होते. दहा वर्षांनी, मे २०१७ मध्ये, पंजाबी वंशाचे कॅनडाचे जिंदर महल विजेते झाले तेव्हा मात्र भारतातल्या जुन्या चाहत्यांत सुद्धा कुरकुर झाली. महल त्याआधी बराच काळ नियमितपणे हरत आले होते, आणि किताब त्यांना त्यांच्या कामगिरीपेक्षा भारतीय बाजारपेठेकडे पाहून दिला गेला असा समज पसरला. नोव्हेंबरमध्ये एजे स्टाइल्स यांनी तो किताब घेतला आणि डिसेंबरात दिल्लीच्या कार्यक्रमात महल ट्रिपल एच यांच्याकडून हरले. आपला म्हणून पुढे केलेला मल्ल आपल्याच प्रेक्षकांपुढे हरवला जातो, यात प्रेक्षकाला गृहीत धरल्याची भावना होती. गावच्या आखाड्यात ज्याला 'जोड लागत नाही' म्हटले असते, तेच येथे वेगळ्या शब्दांत म्हटले गेले, फरक इतकाच की ऐकणारा पंच समोर नव्हता.

लीगचा प्रयोग भारतात डिसेंबर २०१५ मध्ये 'प्रो रेसलिंग लीग'ने झाला. शहरांच्या आणि राज्यांच्या नावांचे सहा संघ, लिलावातून घेतलेले देशी-परदेशी पुरुष आणि स्त्री मल्ल, आणि वेगवेगळ्या वजनांच्या लढतींवर संघाचा निकाल, अशी तिची रचना होती. पहिली लीग 'मुंबई गरुड' संघाने जिंकली, पण महाराष्ट्राच्या शौकिनाला या विजयाचा फारसा उमाळा आला नाही, कारण त्याचा नरसिंग यादव बेंगळुरूच्या संघाकडून खेळत होता. क्रिकेटच्या प्रेक्षकाने लिलाव पचवला, कुस्तीच्या प्रेक्षकाला तो सहज पचला नाही. ज्याचा वस्ताद ठाऊक नाही आणि जो पुढच्या वर्षी दुसऱ्याच संघात दिसेल, अशा मल्लासाठी ओरडायचे कोणत्या नावाने, हा प्रश्न होता. पुढच्या पर्वांत प्रत्येक संघाला एक वजनगट 'ब्लॉक' करण्याची, म्हणजे त्या गटाची लढतच होऊ न देण्याची मुभा मिळाली. डावपेच म्हणून ही कल्पना चतुर असली तरी ती शौकिनाच्या मुळावर येणारी होती, कारण समोरच्या संघाचा सर्वांत भारी मल्ल ज्या गटात असे तोच गट साहजिकपणे गाळला जाई, आणि ज्याला पाहायला प्रेक्षक आला तो बाकावर बसून राही. २०१८ मध्ये झी टॉकीज वाहिनीने 'महाराष्ट्र कुस्ती दंगल' भरवली तेव्हा पुणेरी उस्ताद, कोल्हापुरी मावळे, वीर मराठवाडा, यशवंत सातारा, विदर्भाचे वाघ आणि मुंबई अस्त्र अशी नावे देऊन प्रादेशिक निष्ठा जागवण्याचा प्रयत्न झाला. मल्ल ओळखीचे होते, मराठी निवेदन होते, त्यामुळे आपुलकी अधिक मिळाली. पण तो प्रयोग रुजला नाही.

महाराष्ट्र केसरीच्या रचनेवरचे मतभेद सर्वाधिक तीव्र आहेत, आणि ते अलीकडे वाढले आहेत. मुख्य किताबाच्या गटात माती आणि गादी असे दोन विभाग असतात. प्रत्येक विभागाचा विजेता अंतिम लढतीत एकमेकांशी गादीवर, म्हणजे मॅटवर, भिडतो. मातीत वाढलेल्या प्रेक्षकाची यावर कायमची तक्रार आहे की मातीतला मल्ल शेवटी परक्या जमिनीवर खेळतो आणि गुणांच्या हिशेबात सापडतो. २०२३ च्या जानेवारीत माती विभागाच्या निर्णायक लढतीत महेंद्र गायकवाड यांनी सिकंदर शेख यांना बाहेरील टांग लावली आणि पंचांनी चार गुण दिले. टांग लागल्यावर सिकंदर धोकादायक स्थितीत, म्हणजे खांदे जमिनीकडे झुकलेल्या अवस्थेत, पूर्ण गेले होते की नाही, यावर त्या चार गुणांचे समर्थन अवलंबून होते. चित्रीकरण संथ करून हजारो लोकांनी ते पाहिले आणि दोन्ही बाजूंनी शपथेवर सांगितले. गंगावेस तालमीचे सिकंदर मोठ्या मैदानांत सतत निकाली कुस्त्या करत आलेले असल्याने सहानुभूती त्यांच्याकडे झुकली होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात फुलगाव येथे त्यांनी शिवराज राक्षे यांना काही सेकंदांत चितपट करून किताब मिळवला, तेव्हा कित्येकांनी तो जानेवारीतल्या निकालाचा जबाब मानला, जरी समोरचा मल्ल वेगळा होता.

परंतु त्या नोव्हेंबरात महाराष्ट्र केसरी दोन झाले. भारतीय कुस्ती महासंघाने २०२२ मध्ये जुनी परिषद बरखास्त केल्यावर रामदास तडस यांच्या अध्यक्षतेखालील कुस्तीगीर संघ आणि जुनी परिषद असे दोन दावेदार उभे राहिले, आणि फुलगावबरोबरच धाराशिव येथेही स्पर्धा होऊन तेथे राक्षे विजयी झाले. २०२५ मध्येही फेब्रुवारीत अहिल्यानगर येथे पृथ्वीराज मोहोळ आणि मार्चमध्ये कर्जत येथे वेताळ शेळके असे दोन विजेते ठरले. अहिल्यानगरला गादी विभागात आपली पाठ लागल्याचा निर्णय अमान्य करून राक्षे यांनी पंचांना लाथ मारली, अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड वेळ संपण्याआधीच मैदान सोडून गेले, आणि दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. शिक्षेविषयी शौकिनांचे मत एकसंध नव्हते: लाथ मारणे कोणीही योग्य ठरवले नाही, पण पंचांच्या निर्णयाची तपासणी तितक्याच तातडीने व्हावी असा आग्रह मोठा होता. संघटनांच्या भांडणात कोणाची बाजू कायदेशीर हे सामान्य प्रेक्षकाला समजून घ्यायचे नसते. त्याची मागणी सोपी असते, दोन्ही केसरींची एक जोड लावा, आणि ती मागणी पुरी करण्याचा अधिकार दोन्ही संघटनांपैकी एकीलाही एकट्याने नाही.

स्त्रियांच्या कुस्तीने या मतांच्या नकाशात ठाणे जिल्ह्याला प्रथमच ठळक जागा दिली. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, तिच्या अंतिम लढतीत सांगलीच्या प्रतीक्षा बागडी आणि कल्याणच्या वैष्णवी पाटील समोरासमोर आल्या. प्रतीक्षा जिंकल्या, वैष्णवी उपविजेत्या ठरल्या, आणि पुढे २०२५ च्या झाग्रेब येथील जागतिक स्पर्धेसाठी ६५ किलो गटात त्या भारतीय संघात निवडल्या गेल्या. हमीदा बानूंना जोड मिळत नव्हती, निदान मान्य होईल अशी जोड मिळत नव्हती. वैष्णवी यांना त्यांच्या वजनाची, त्यांच्या तयारीची प्रतिस्पर्धी मिळते, आणि म्हणून त्यांच्या हारजितीवर बोलणारा माणूस आता ती स्त्री आहे यावर न थांबता तिचा पट हा डाव कुठे फसला यावर बोलू लागला आहे.

वडपे-भिवंडी-कल्याण पट्ट्यातल्या जत्रांच्या आखाड्यांपुढचा प्रश्न मात्र पैशाने निर्माण केलेला आहे. जमिनी आणि गोदामांमुळे गावांकडे इनामासाठी मोठी रक्कम येऊ शकते, आणि मोठे इनाम लावले की पुणे-कोल्हापूरचे नावाजलेले मल्ल येतात, पत्रक छापले जाते, गर्दी वाढते. त्याच प्रमाणात पत्रकावरच्या जोडी आधीच ठरलेल्या असतात आणि लोकांपुढे हात धरून दाखवण्याच्या जोडी दुपारच्या उन्हातल्या मुलांच्या कुस्त्यांपुरत्या उरतात. यावर गावोगावच्या कमिट्यांत दोन्ही मते आहेत. मोठा मल्ल पाहून पोरे तालमीत जातील असे एक मत, तर इनामाचा अर्धा हिस्सा स्थानिक जोडींसाठी राखून ठेवावा आणि त्या जोडी संध्याकाळच्या गर्दीसमोर, गर्दीला विचारूनच लावाव्यात असे दुसरे. काही मैदानांत आता शेवटच्या मानाच्या कुस्तीआधी तालुक्यातल्या मल्लांची एक ठरलेली जोड ठेवली जाते, आणि तिला पुकाराही तितक्याच जोराने होतो.